कवाईतीचा तास

आमच्या शाळेच्या वेळापत्रकात आठवड्यातून दोन तास असे असतात की, ज्यांवर इतर सर्व विषयांच्या शिक्षकांचा डोळा असतो. ते शारीरिक शिक्षणाचे तास होत. जुन्या वळणाची आम्ही माणसे त्यांस अद्याप कवाईतीचे तास म्हणतो. सहामाही परीक्षा जवळ यावी, व्याकरण मागे पडलेले असावे, मी व्यायामशिक्षकांकडे जाऊन "आजचा तास मला द्याल काय?" असे विचारावे आणि त्यांनी हसून मान डोलवावी, हा परिपाठ वीस वर्षे अव्याहत चालला. त्यांनी एकदाही नकार दिला नाही, हे मी त्यांच्या सौजन्याचे लक्षण समजत असे. नकार देण्याचा अधिकार आम्ही त्यांच्या विषयास ठेविलाच नव्हता, हे ध्यानात येण्यास मला वयाची पंचेचाळिशी गाठावी लागली. ते कसे ध्यानात आले, ती हकीकत वाचकांस सादर करीत आहे.

गेल्या जुलैतील पालकसभा आटोपल्यावर दहावीतील एका विद्यार्थिनीचे वडील मागे रेंगाळले. हे गृहस्थ घाटकोपरास राहतात व फोर्टातील एका कचेरीत हिशेबाचे काम पाहतात. मुलगी गणितात व शास्त्रात हुशार. तिने अभियंता व्हावे असा घरचा बेत जवळजवळ ठरलेला. गृहस्थ हळूच म्हणाले, "सर, मुलगी म्हणते, व्यायामाचं शास्त्र शिकणार. धावण्या-उड्या मारण्याला कसलं आलंय शास्त्र? ती तुमचं ऐकते. तुम्हीच तिला समजावा."

मी तत्काळ होकार दिला. कारण माझेही मत त्यांच्याहून भिन्न नव्हते. मी मिशनच्या वसतिगृहात वाढलो. तेथे ज्याचे डोके चाले तो महाविद्यालयात जाई आणि ज्याचे केवळ हातपाय चालत, तो फार तर ड्रिलमास्तर होई, अशी आमची समजूत होती. ही समजूत कोणी शिकविली नव्हती. ती जेवणाच्या पंगतीत आपोआप अंगी लागली.

दुसऱ्या दिवशी मुलीस बोलाविले. माझा उपदेश मनात तयार होता, परंतु तो उच्चारण्याची वेळच आली नाही. तिने वाद न घालता दप्तरातून एक वही काढून माझ्यापुढे ठेविली. वहीत रकाने आखलेले होते. त्यांची इमारत चार मजल्यांची आहे, लिफ्ट नाही. उन्हाळ्याच्या सुटीत दर रविवारी सायंकाळी घरातील माणसांस तिने तिसऱ्या मजल्यापर्यंत चढावयास लाविले होते आणि चढण्यापूर्वी, चढल्यावर लगेच व दोन मिनिटांनी अशी तीन वेळा प्रत्येकाची नाडी मोजली होती. वडिलांची नाडी बसल्या जागी ८२, चढल्यावर १३० व दोन मिनिटांनी १०८. आजोबांची ६८, ९६ व ७२. आजोबा एकाहत्तर वर्षांचे. मशीद बंदरच्या बाजारात चाळीस वर्षे माथाडी म्हणून त्यांनी पाठीवर पोती वाहिली आणि त्या पोत्यांवरच मुलास शिकवून कचेरीत बसविले.

"सर," ती म्हणाली, "बाबांपेक्षा आजोबांचं हृदय लवकर शांत होतं. का, ते मला शोधायचंय."

खरे सांगतो, मी भारावून गेलो. मराठीच्या शिक्षकास अशा गोष्टीत काव्य दिसू लागते. ज्याने ओझी वाहिली त्याचे हृदय बळकट, ज्याने खुर्ची उबविली त्याचे दुर्बळ! ह्यावर एखादे व्याख्यान रचावे असेही मनात येऊन गेले. त्याच भरात ती वही घेऊन मी व्यायामशिक्षकांकडे गेलो. मैदानात पाणी साचल्यामुळे ते व्हरांड्यात चेंडूंत हवा भरीत बसले होते. त्यांनी वही वाचली, पान उलटून पुन्हा पहिल्या पानावर आले आणि मुलीकडे वळून एकच प्रश्न केला, "आजोबा वर चढायला किती वेळ घेतात?"

मुलगी गप्प झाली. आजोबांचे गुडघे झिजलेले आहेत. ते कठड्यास धरून, प्रत्येक वळणावर थांबत चढतात. वडील भराभर जातात. किती वेळ लागला, हा रकानाच वहीत नव्हता.

"मग तुलना कशाची झाली?" ते शांतपणे म्हणाले. "हळू चढणाऱ्याची नाडी कमीच वाढणार. शिवाय वय वाढतं तशी नाडीची वरची मर्यादाही खाली येते. तुझा प्रश्न चांगला आहे. उत्तर मात्र अजून मिळालेलं नाही."

मी, पदवीधर मनुष्य, त्या आकड्यांवर व्याख्यान रचावयास निघालो होतो; आणि ज्यांचा तास मी वीस वर्षे मागून घेत आलो, त्यांनी त्यातील दोष अर्ध्या मिनिटात दाखविला. मुलीच्या डोळ्यांत पाणी येईल असे मला वाटले. तसे काही झाले नाही. तिने पेन्सिल काढून तेथेच नवा रकाना आखला.

मग त्यांनी तिला सांगितले की, तिने जे केले तेच अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या 'श्रमक्लान्ती प्रयोगशाळे'त पूर्वी शास्त्रशुद्ध रीतीने केले गेले. ही प्रयोगशाळा १९२७ मध्ये निघाली व १९४७ मध्ये बंद झाली. तेवढ्या वीस वर्षांत मनुष्याचे शरीर उष्णतेत, उंच पर्वतावर व कष्टात कसे वागते, ह्याचा तेथे कसून शोध झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, तेथून एक साधी कसोटी प्रसिद्ध झाली. वीस इंच उंचीच्या बाकावर मिनिटास तीस वेळा चढावयाचे व उतरावयाचे, अधिकात अधिक पाच मिनिटे, आणि नंतर विश्रांतीत नाडी कशी उतरते ते मोजावयाचे. बाकाची उंची सर्वांस एक, गती सर्वांस एक. म्हणून उत्तरांची तुलना करता येते. मुलीच्या जिन्यात नेमके हेच नव्हते.

ह्या ठिकाणी मला एक जुनी गोष्ट आठवली. काही वर्षांपूर्वी १५ ऑगस्टच्या ध्वजवंदनाच्या वेळी रांगेत ताठ उभा असलेला एक मुलगा एकाएकी कोसळला. "उपाशी आला असेल," असे म्हणत मी बिस्किटे आणावयास धावलो. व्यायामशिक्षकांनी त्यास उताणे निजवून त्याचे पाय उचलून धरले. क्षणार्धात मुलगा डोळे उघडून लाजू लागला. त्यांनी तेव्हा मला कारणही सांगितले होते. पायांतील रक्त वर हृदयाकडे ढकलण्याचे काम पोटऱ्यांचे स्नायू आकुंचन पावून करीत असतात. निश्चल उभे राहिल्यास ते स्वस्थ बसतात, रक्त पायांत साचते, मेंदूस कमी पडते आणि मनुष्य पडतो. पडला की डोके हृदयाच्या पातळीस येते, म्हणून शुद्धीवरही येतो. त्या दिवसापासून आमच्या प्रार्थनासभेत "पायांची बोटे बुटांत हलवीत राहा" अशी सूचना मुलांस देण्यात येते. सूचना माझ्या स्मरणात राहिली. ती देणाऱ्याचे ज्ञान स्मरणात राहिले नाही.

त्या सायंकाळी निघताना त्यांनी मला कपाटातून एक जुने इंग्रजी पुस्तक दिले. शारीरिक शिक्षणाच्या व्यवस्थेवरील ते पुस्तक पी. एम. जोसेफ ह्यांनी लिहिलेले, आणि प्रकाशक म्हणून कांदिवली येथील शारीरिक शिक्षण प्रशिक्षण संस्थेच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघाचे नाव. कांदिवली! बोरिवलीच्या गाडीने तेथून मी शेकडो वेळा गेलो असेन. आमच्याच उपनगरात ह्या विद्येचे एक मोठे पीठ होऊन गेले, हे मात्र मजला ठाऊक नव्हते. तो सबंध आठवडा मी ह्याच वाचनात घालविला.

१९३७ मध्ये मुंबई इलाख्याच्या सरकारने शारीरिक शिक्षणाचा विचार करण्याकरिता एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष स्वामी कुवलयानंद. त्या समितीच्या शिफारशींतून १९३८ मध्ये कांदिवलीची संस्था उभी राहिली आणि जोसेफ तिचे प्राचार्य झाले. पुढे १९५७ मध्ये ग्वाल्हेरीस राणी लक्ष्मीबाईंच्या नावे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय निघाले, तेव्हा त्याचेही पहिले प्राचार्य म्हणून ह्याच जोसेफांस पाचारण करण्यात आले. म्हणजे कांदिवलीचा अनुभव ग्वाल्हेरीस गेला असे म्हटल्यास चूक होणार नाही.

स्वामी कुवलयानंदांचे चरित्र तर माझ्यासारख्या भाषेच्या शिक्षकास विशेष खजील करणारे आहे. ह्यांचे पूर्वाश्रमीचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. १९०३ मध्ये संस्कृताची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली, अंमळनेरास अध्यापन केले. अशा मनुष्याने ग्रंथांत रमून जावे हेच स्वाभाविक होते. परंतु योगाभ्यासाने शरीरात नेमके काय घडते, हा प्रश्न त्यांस स्वस्थ बसू देईना. गुरूवरील श्रद्धा त्यांनी सोडली नाही, आणि श्रद्धेचे उत्तर शास्त्राच्या उत्तराऐवजी खपविलेही नाही. उड्डियान व नौली ह्या क्रिया चालू असताना त्यांनी क्ष-किरणांनी छायाचित्रे घेवविली, पाऱ्याच्या दाबमापकाने पोटातील दाब मोजला. नौली करिताना मोठ्या आतड्यातील दाब बाहेरील हवेहून कमी होतो, असे आढळले. त्या पोकळीस त्यांनी आपले गुरू परमहंस माधवदास ह्यांचे नाव दिले. १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढून प्रयोगांचे आकडे जगापुढे ठेविले. आसनांचे गोडवे गाणारे पुष्कळ होते. आसनात रक्तदाब किती होतो, हे पाहणारे थोडेच.

माधवदासांचे दुसरे शिष्य श्री योगेंद्र. त्यांनी आपली योगसंस्था अंधेरीजवळ वेसाव्याच्या समुद्रकाठी काढली. दिवस होता १९१८ चा डिसेंबरची पंचवीस तारीख, म्हणजे आपला नाताळ. संस्था पुढे सांताक्रूझास गेली व आजही तेथे चालू आहे.

आपल्या मिशनवाल्यांचा ह्या विद्येशी संबंध काय, असे कोणी विचारील. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी वाय. एम. सी. ए. च्या प्रशिक्षणशाळेत जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने सज्जाच्या कठड्यास पीच फळांच्या टोपल्या टांगून बास्केटबॉल काढला, हे आमच्या मुलामुलींस पाठ आहे. परंतु हा नेस्मिथ धर्मशास्त्राचे शिक्षण घेतलेला होता, पुढे वैद्यकाची पदवी घेऊन तो कॅन्सस विद्यापीठात जन्मभर शिकवीत राहिला, हे किती जणांस ठाऊक आहे? त्याच स्प्रिंगफील्डच्या परंपरेतील हॅरी क्रो बक ह्यांनी १९२० मध्ये मद्रासेस शारीरिक शिक्षणाची शाळा काढली. तीच पुढे महाविद्यालय झाली. आणि मागे पाहू गेल्यास, पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात शर्यतीत धावणाऱ्यांचा दाखला दिला आहे, तो वाचून मी कितीदा तरी उपदेश केला असेन. करिंथाजवळ त्या काळी खरोखरच शर्यती भरत, तेथील लोकांस तो दाखला घरचा होता. मी मात्र त्यातील आत्मिक अर्थ तेवढा घेतला आणि धावणारास मैदानातच सोडून आलो.

पंधरा दिवसांनी मुलीचे वडील पुन्हा आले. मी त्यांची बाजू घेऊन बोलेन, ह्या भरवशावर ते आले होते. मी त्यांस आधी एक गोष्ट सांगितली. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर चालक दिवसभर बसून असतो आणि वाहक तिकिटे देत जिना चढतो, उतरतो. वर्ग तोच, मालक तोच. जेरेमी मॉरिस नामक डॉक्टरांनी ह्या दोघांची तुलना केली आणि १९५३ मध्ये प्रसिद्ध केले की, हृदयविकाराचे प्रमाण वाहकांत चालकांहून कमी आहे. आज जगातील प्रत्येक डॉक्टर "चालत जा" म्हणून सांगतो. त्या सल्ल्याच्या मुळाशी जे संशोधन आहे, त्यातील हे एक आरंभीचे. आपल्या बेस्टच्या जुन्या दुमजली गाड्या २०२३ मध्ये निघून गेल्या. पन्नास वर्षांपूर्वी कोणी त्यांच्या वाहकांच्या नाड्या मोजावयास बसला असता, तर त्यास आम्ही रिकामटेकडा म्हटले असते.

गृहस्थ ऐकत होते. मग म्हणाले, "हे सगळं खरं, सर. पण पोट कशावर भरेल?"

हा प्रश्न योग्यच आहे आणि त्यावर मी गोड बोललो नाही. शाळेत शिकवावयाचे तर पदवीनंतर बी. पी. एड. ची दोन वर्षे. महाविद्यालयात जावयाचे तर त्यापुढे एम. पी. एड., नेट परीक्षा, आणि बहुधा पीएच. डी. संशोधनाकडे जावयाचे तर शरीरक्रियाशास्त्र, हालचालींचे यंत्रशास्त्र, आहारशास्त्र किंवा मानसशास्त्र ह्यांपैकी एकात खोल शिरले पाहिजे. त्यास गणित व संख्याशास्त्र पक्के हवे. स्नायूंत उष्णता कशी उत्पन्न होते ह्या शोधाबद्दल १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे ए. व्ही. हिल हे प्रथम गणिताचे विद्यार्थी होते. पाठीवर श्वासाची पिशवी बांधून धावताना किती प्राणवायू लागतो, हे त्यांनी स्वतः धावून मोजले. ग्वाल्हेरीची संस्था आहे, पतियाळ्यास १९६१ पासून राष्ट्रीय क्रीडा संस्था आहे, मणिपुरास २०१८ मध्ये राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ निघाले. तरीपण संशोधकांच्या जागा आपल्या देशात थोड्या आहेत आणि वाट लांबची आहे. अभियंत्याच्या वाटेवर गर्दी असते म्हणून ती वाट सोपी वाटते. ह्या वाटेवर पुढे कोण चालले आहे ते दिसत नाही. हे सर्व मी जसेच्या तसे सांगितले. त्यांचे समाधान झाले असे मला वाटले नाही.

परंतु मुलीने त्याच सुमारास आपला प्रयोग नव्याने मांडला होता. गुडघे दुखणाऱ्या आजोबांस बाकावर चढविणे बरे नव्हे, म्हणून व्यायामशिक्षकांनी दुसरी रीत सुचविली: सपाट जागी सहा मिनिटे आपापल्या चालीने चालावयाचे, किती मीटर झाले ते मोजावयाचे. ही रीत रुग्णालयांतूनही वापरतात. चालताना छातीत दुखले किंवा धाप लागली तर तेथेच थांबावयाचे, असा नियमही त्यांनी घालून दिला. एका रविवारी उपासनेनंतर मी घाटकोपरास गेलो. इमारतीच्या आवारात टेप लावून खडूच्या खुणा केल्या होत्या. वडील ५२० मीटर चालले. आजोबा ३४०.

आजोबा खुर्चीवर टेकले, नातीने हात पुढे करताच मनगट तिच्या हाती दिले आणि मजकडे पाहून म्हणाले, "सर, व्यायामानं माणूस धडधाकट होतो म्हणता. मी चाळीस वर्षं शंभर-शंभर किलोची पोती उचलली. मग माझे गुडघे का गेले?"

आवारात कोणी बोलेना. प्रश्न असा होता की, त्यापुढे माझी नौली आणि लंडनच्या बसगाड्या निष्प्रभ झाल्या. व्यायामशिक्षकही आले होते. ते म्हणाले, "बाबा, व्यायाम आपण थांबवू शकतो. तुम्हांला थांबता येत नव्हतं." पुढे त्यांनी सांगितले की, पोटासाठी केलेले कष्ट व आपखुशीने केलेला व्यायाम ह्यांचा शरीरावर होणारा परिणाम एकच नसावा, असे डेन्मार्कमधील संशोधकांस अलीकडे आढळून आले आहे आणि त्यावर अद्याप वाद चालू आहे. कष्टात विश्रांती आपल्या हाती नसते, ओझे वाढविणे-कमी करणे आपल्या हाती नसते, एकच सांधा रोज झिजतो. माथाडींच्या संरक्षणाचा कायदा महाराष्ट्रात १९६९ मध्ये झाला, तो ह्याच दुःखातून. परंतु किती ओझे, किती वेळा, किती विश्रांतीनंतर, हे आकडे कोणीतरी मोजल्यावाचून कायद्यालाही डोळे फुटत नाहीत. शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत कामगारांच्या शरीरश्रमाचा असा अभ्यास होतो.

"शीव?" मुलीचे वडील एकदम म्हणाले. "माझी गाडी रोज शीववरूनच जाते."

तेवढेच ते बोलले. परंतु नंतर आजोबांचा हात धरून जिना चढताना ते प्रत्येक वळणावर त्यांच्याबरोबर थांबत होते, हे मी पाहिले.

मुलीचे पुढे काय ठरले, असे वाचक विचारतील. अकरावीस शास्त्रशाखा घ्यावयाची आणि जीवशास्त्र व गणित दोन्ही ठेवावयाचे, एवढे घरी ठरले आहे. त्यापलीकडील निर्णय बारावीनंतर. तिचे मत बदलूही शकेल. कवाईतीचा तास मी ह्या वर्षी एकदाही मागितला नाही. व्याकरण थोडे मागे पडले, त्याबद्दल मुख्याध्यापकांची बोलणी खाल्ली. पावसात मैदान बंद असले म्हणजे व्यायामशिक्षक त्या तासास मुलांस व्हरांड्यात बसवून एकमेकांच्या नाड्या मोजावयास लावतात. शेजारच्या वर्गात मी शिकवीत असतो, आणि मध्येच "चौसष्ट!", "ब्याण्णव!" असे ओरडणे ऐकू येते.

त्या रविवारी आवारात मलाही चालावे लागले. मी ४१० मीटर चाललो. चाळीस वर्षे ओझी वाहिलेल्या वृद्धाच्या पुढे केवळ सत्तर मीटर. मुलीने माझी नाडी दोनदा मोजली, आकडा लिहिला, दोन मिनिटांनी पुन्हा मोजली. वहीत माझ्या नावापुढे शेऱ्याचा रकाना आहे. तो तिने रिकामा ठेविला आणि पुढील महिन्यात पुन्हा या म्हणून सांगितले.